आईंची जीभ

बसड्रायव्हरच्या जिभेची कड बोटाला मऊ लागली आणि तिच्या काळजात धस्स झालं. खरं म्हणजे उलटं व्हायला हवं होतं. मऊ लागलं की हायसं वाटायचं, ही तिची इतक्या वर्षांची सवय. गॉजच्या तुकड्यात जीभ धरायची, हलकेच बाहेर ओढून एका अंगाला वळवायची, जखमेवर आणि जखमेभोवती बोट फिरवायचं. कड मऊ असली आणि खाली काही घट्ट लागलं नाही, की समोरच्या तुटक्या दाताचं टोक घासून टाकायचं, पंधरा दिवसांनी परत या म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. रोजचंच काम. ड्रायव्हर बिचारा तोंड वासून छताकडे बघत होता, खुर्चीचे हात त्याने दोन्ही मुठींत धरून ठेवले होते, आणि तिचं बोट त्याच्या जिभेवर होतं तिथंच राहिलं. आईंच्या जिभेला आपण बोट लावलंच नाही. ही काही नवी बातमी नव्हती. लावलं नाही हे तिला ठाऊक होतंच. पण ठाऊक असलेली गोष्ट इतके दिवस कुठंतरी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, ती आत्ता, या परक्या माणसाच्या जिभेवर, उठून उभी राहिली.

"काय हो मॅडम, काही वाईट आहे का?" जीभ सुटल्यासुटल्या ड्रायव्हरने विचारलं.

"छे, छे. साधं आहे. दात लागतोय फक्त."

"नाही, तुम्ही एकदम गप्प झालात म्हणून. मेकॅनिक बॉनेट उघडून गप्प झाला, की आम्ही समजतो, गाडी आज डेपोतच झोपणार."

ती हसली. दाताचं टोक घासलं, पंधरा दिवसांनी नक्की या, बरं वाटलं तरी या, असं त्याला दोनदा बजावलं. बरं वाटलं तरी या! हे वाक्य ती प्रत्येकाला म्हणायची. पेशंटच्या 'बरं आहे'वर तिने जन्मात कधी विश्वास ठेवला नव्हता. माणसं घाबरून बरं आहे म्हणतात, कंटाळून म्हणतात, डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणूनही म्हणतात. आणि आई, म्हणजे तिच्या सासूबाई, बरी आहे गं म्हणाल्या तेव्हा ती पायात चपला सरकवत दारात उभी होती, हातात किल्ल्या होत्या, आणि तिने ते खुशाल मानलं. मानलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

ड्रायव्हर गेल्यावर तिने हातमोजे काढले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली चपलांच्या दुकानाची काच एक माणूस वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसत होता. किती दिवस झाले असतील? दोन महिने तर झालेच, अडीचही असतील. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती आणि आई टेबलाशी बसून म्हणाल्या होत्या, "अगं डॉक्टरीणबाई, जिभेला काहीतरी टोचतंय बघ." तिने फोनचा दिवा लावला, चमच्याच्या दांडीने गाल बाजूला केला. डाव्या बाजूला, जिभेच्या कडेवर, छोटीशी जखम. आणि तिच्या अगदी समोर जुन्या सिमेंटचा टवका उडालेली दाढ, सुरीसारखी धार आलेली. झालं! कारण असं आपल्या पायाने चालत समोर आलं की मन तिथंच बसकण मारतं. कॉलेजातले सर यावरच चिडायचे. टेबलावर हात आपटून म्हणायचे, "कारण सापडलं की तुमचं शोधणं संपतं रे, रोग संपत नाही. डोळ्यांनी हवं तेवढं बघा, पण शेवटी बोटाला विचारा." हे सगळं तिला पाठ होतं, शिकाऊ पोरींना ती हेच ऐकवायची. आणि तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी आई दवाखान्यात आल्या, "मला त्या खुर्चीत आडवी करू नकोस हं, मी अजून जिवंत आहे," म्हणून ताठ बसून राहिल्या, तेव्हा तिने दाढ घासून गुळगुळीत केली, जिभेला लावायचं मलम दिलं, आणि हे सगळं होईतो जीभ बाजूला धरली ती आरशाने. तोंडात घालायच्या त्या छोट्या गोल आरशाने. बोट कुठंच नव्हतं. बोट आणि आई यांच्यामध्ये आरसा होता, चमचा होता, फोनचा दिवा होता.

आणि का होता, हेही तिला पक्कं माहीत होतं, उगाच वेड पांघरण्यात अर्थ नव्हता. लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दवाखान्यातून येऊन, हातपाय धुऊन, पदर खोचून ती मोठ्या हौसेने पीठ मळायला लागली होती. आई मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे हात दिवसभर कुणाकुणाच्या तोंडात घालायचे, आणि संध्याकाळी माझ्या पिठात? धुतलेस का नीट?" तिने धुतले होते. पुन्हा धुतले. आईंच्या डोळ्यांदेखत तिसऱ्यांदा धुतले. नवरा दारात उभा राहून खो खो हसला, म्हणाला, "मनावर घेऊ नकोस, आईच्या जिभेला हाड नाही." तिने मनावर घेतलंही नाही. पुढं सगळं रुळलं. तिच्या हातचं आई आवडीने खायला लागल्या, शेजारणींना कौतुकाने सांगायला लागल्या, आमची सून दात असा काढते की माणसाला पत्ता लागत नाही. ते वाक्य केव्हाच विरून गेलं असं तिला वाटत होतं. पण हात मूर्ख असतात, हातांना कुणी माफीचं सांगायला जात नाही. आईंना ताप आला तर कपाळाला ती हात लावायची तो पालथा. औषधाची गोळी द्यायची ती झाकणात ठेवून. दिवसभर परक्या माणसांच्या जिभा धरणारी ही बाई सासूच्या तोंडात बोट घालायला धजावली नाही, आणि धजावली नाही हे स्वतःला कळूही दिलं नाही.

"मॅडम, पुढचे बसलेत केव्हाचे," मदतनीस ताई दारातून म्हणाल्या.

पुढचे म्हणजे एक गृहस्थ, कुठल्याशा कचेरीतले, रात्रभर झोपलेले नव्हते. कुठं दुखतं विचारलं तर सगळा गालच तळहातात घेऊन दाखवत होते. "इथं. नाही, इथंही. कानात पण जातं. काढूनच टाका." तिने एक्स-रे घेतला. खालच्या दाढेच्या मुळाशी काळी सावली दिसत होती, चांगली ठसठशीत. तिने भुलीचं इंजेक्शन हातात घेतलंसुद्धा. मन घरी होतं. आई सकाळी टोस्ट चहात बुडवून, पार लगदा करून खात होत्या. त्या टोस्ट कुडुम कुडुम वाजवत खायच्या, त्यावरून लेकाशी भांडायच्या. कधीपासून बुडवायला लागल्या? सुई गृहस्थांच्या तोंडाशी आली आणि ती थांबली. सावली दिसली, कारण सापडलं, बसकण मारली. पुन्हा तेच! तिने इंजेक्शन खाली ठेवलं, कापसाच्या बोळ्यावर बर्फासारखं थंड औषध फवारलं आणि एकेका दाताला लावत गेली. खालच्या त्या सावलीवाल्या दाढेला काहीच कळलं नाही. ती बिचारी केव्हाच मरून गप्प पडलेली होती. वरच्या दाढेला बोळा लागला मात्र, गृहस्थ खुर्चीतून उडालेच. "हीच! हीच ती!" दुखणारी वरची होती. खालची उघडली असती, तर हे रात्री पुन्हा तळमळत बसले असते आणि तिला शिव्या घालत बसले असते. तिने वरची उघडली, नस काढली, तात्पुरतं सिमेंट भरलं. गृहस्थ बधिर ओठाने वाकडं हसत, मानेनेच आभार मानत गेले. तिच्या ब्लाउजची पाठ घामाने चिकटली होती. इतकं चोख काम केलं होतं, पण त्याचा तिला आनंद म्हणून झाला नाही.

गप्प पडलेली. हा शब्द डोक्यातून जाईना. कारण आई गप्प पडल्या होत्या. आई, ज्या उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बोलण्यात काढून आल्या होत्या, ज्यांचा आवाज ऐकून माणसं ट्रंककॉल लागेपर्यंत भांडण विसरून जायची म्हणे, ज्यांनी सोसायटीतल्या एकूणएक माणसाला नावं ठेवली होती, त्या आई गेले काही आठवडे हं आणि बरं यांच्यापलीकडे जात नव्हत्या. घरात फोन वाजला की पहिली झडप त्यांची असायची. आता त्या फोन उचलून मुकाट्याने दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचायचं त्यांनी सोडलं होतं. आणि घराला काय वाटलं? घराला बरं वाटलं! हे आठवून तिचे कान तापले. परवाच तर लिफ्टची वाट बघताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "आई अलीकडे किती निवळल्यात, नाही?" तो म्हणाला होता, "वय झालं. तू दृष्ट लावू नकोस म्हणजे झालं." दोघं हसले होते. आणि त्याच्याही आधी तिने आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं की बाई गं, देव पावला, घरात कशी शांतता आहे. म्हणजे एका बाईला बोलायला दुखत होतं, आणि जीभ, दात, तोंड हेच जिचं पोट भरण्याचं साधन, ती सून देव पावला म्हणत होती.

तिने घरी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हं," पलीकडून आई.

"आई, मी बोलतेय. जेवलात का?"

"हं."

"तोंड कसं आहे तुमचं?"

"बरं आहे."

तिने फोन ठेवून दिला. त्यापुढं फोनवर काय विचारणार? मग तिने वर्गमित्राला फोन केला. तो तोंडाच्या शस्त्रक्रिया करायचा. असले संशयाचे पेशंट ती त्याच्याकडेच पाठवायची. तिने सगळं नीट, ओळीने सांगितलं, अगदी केस सांगावी तसं: वय, जागा, धारदार दाढ, घासून दिली, मलम दिलं, किती दिवस झाले. तो मध्ये हं हं करत होता.

"हाताला काय लागतं?"

"हात लावला नाही."

"म्हणजे?"

"लावला नाही रे. सासूबाई आहेत माझ्या."

तो हसला. त्याचं हसणं मग मधेच थांबलं. "घरी जा," तो म्हणाला. "आत्ता जा. आणि उद्या सकाळी मी दहाला मोकळा आहे."

उरलेल्या पेशंटांना ताईंनी दुसरी वेळ दिली. ती बाहेर पडली, आणि नेहमीसारखी रिक्षा न करता चालत सुटली. घाई तर होती, पण पोचायचं नव्हतं. मऊ लागेल, ती स्वतःला सांगत होती, सत्तरीच्या बाईच्या तोंडात काय कमी कारणं असतात, दाढेला पुन्हा टवका गेला असेल, आपण उगाच मनाचे खेळ करतोय. मऊ लागलं तर आई वर्षभर थट्टा करतील, करू देत, खुशाल करू देत. आणि नाही लागलं तर? पहिल्याच संध्याकाळी बोट लावलं असतं, तर कदाचित तेव्हा काही लागलंही नसतं. कदाचित लागलं असतं. हे आता जगात कुणालाच सांगता येणार नाही, तिला तर नाहीच नाही. सिग्नलला उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपण ओठ चाचपतोय. कॉलेजात असंच शिकवायचे: मऊ म्हणजे ओठासारखं, घट्ट म्हणजे नाकाच्या शेंड्यासारखं, कडक म्हणजे कपाळासारखं. परीक्षेच्या आधी अख्खा वर्ग वेड्यासारखा ओठ, नाक, कपाळ दाबत बसायचा. ती सिग्नलला उभी राहून ओठ, नाक, कपाळ दाबत होती. शेजारच्या बाईने आपली पिशवी जरा पलीकडे घेतली. हिरवा दिवा लागून गेला, माणसं पुढं गेली, ती तिथंच.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शब्दकोडं घेऊन बसल्या होत्या. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "लवकर?" एकच शब्द, तोही जाड, जड. इतके दिवस हा जडपणा आपल्याला ऐकू कसा आला नाही?

"आई, जीभ दाखवा."

"काय गं एकदम? बरी आहे म्हटलं ना."

"बरी असेल तर दाखवायला काय हरकत आहे?"

आईंनी पेन्सिल खाली ठेवली. तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात धुतलेस का?"

इतक्या वर्षांनी तेच शब्द, तोच सूर. की तोच नव्हता?

"ते अजून लक्षात आहे वाटतं तुझ्या," आई म्हणाल्या.

"तुमच्याही आहे."

"मी बोललेलं सगळं माझ्या लक्षात असतं. एक्स्चेंजवाल्यांची खोडच ती. धू जा. आणि ये."

तिने नळ सोडला. साबण लावून बोटांच्या बेचक्या घासल्या, मनगटं घासली. पर्समधले हातमोजे घातले, गॉज काढला. आई खिडकीकडे तोंड करून, उजेडात, मान किंचित मागे टाकून बसल्या. कुणी न सांगता त्यांनी ओठांची लिपस्टिकसुद्धा, एक्स्चेंजच्या दिवसांपासून घरीही लावायची सवय होती ती, रुमालाने पुसून टाकली होती. त्यांनी जीभ बाहेर काढली. तिने ती गॉजमध्ये धरली. इतकी वर्षं या घरावर राज्य केलेली ती जीभ हातात एवढीशी होती, कोमट होती आणि थरथरत होती. तिने ती उजवीकडे वळवली. जखम मोठी झाली होती. तिने बोट ठेवलं, आणि कडेकडेने फिरवत नेलं, हळू, दुखू नये म्हणून अगदी हळू.

ओठासारखी नव्हती ती कड. नाकाच्या शेंड्यासारखीही नव्हती.

तिने पुन्हा फिरवलं. मग जीभ सोडून जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं रुतवून गाठ आहे का ते चाचपलं. तिथं काही हाताला आलं नाही. पुन्हा चाचपलं, नाही आलं. एवढं एक बरं म्हणायचं, पण आज आपल्या बोटांवर तिचा फारसा भरवसा उरला नव्हता.

"बोल काहीतरी," आई म्हणाल्या. "जन्मभर माणसं आवाजावरून ओळखली मी. गप्प बसणारं माणूस मला वाचता येत नाही."

"कड कडक लागतेय. तुकडा काढून तपासायला द्यायला हवा. उद्याच. माझा वर्गमित्र आहे, तो काढेल." तिचा आवाज दवाखान्यातला होता, तो मधेच फुटला. "आई, मी तेव्हाच हात लावून बघायला हवं होतं. नंतर तरी बघायला हवं होतं. चुकलं माझं."

"मीच म्हटलं ना तुला, बरी आहे म्हणून."

"ते मी ऐकायला नको होतं."

"इतक्या वर्षांत एकदा माझं ऐकलंस," आई म्हणाल्या, "ते नेमकं हे."

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं, आणि हातमोज्याच्या हाताने डोळे पुसता येईनात. आईंनी रुमाल पुढं केला.

"दुखत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

आई खिडकीबाहेर बघू लागल्या. "आधी दुखत नव्हतं. नंतर बोललं की दुखायला लागलं. म्हणून गप्प बसायला लागले. तर म्हटलं, घर काय शांत झालंय! तू खूश, तो खूश. निवळल्यात म्हणालीस ना लिफ्टपाशी? कान अजून चांगले आहेत गं माझे. मला वाटलं, एवढं सुख होतंय सगळ्यांना, तर होऊ दे थोडे दिवस."

आईंच्या समोरच्या खुर्चीत ती मटकन बसली, गॉजचा ओला तुकडा अजून बोटांत धरून. बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेताना पीं पीं वाजत होती.

"तो काढणार तुकडा. मग तू काय करणार?" आईंनी विचारलं.

"मी तुमची जीभ धरेन."

"घट्ट धर. सुटली तर त्या डॉक्टरला नावं ठेवून मोकळी होईन."

"आत्ताच ठेवा."

आईंनी तिच्याकडे नीट बघितलं, थट्टा करते की काय म्हणून. ती थट्टा करत नव्हती. मग आई बोलायला लागल्या. जड जिभेने, मधेच तोंड वेडंवाकडं करत, थांबत, पण बोलायला लागल्या: खालच्या मजल्यावरच्या बाईचं, चहात साखर कमी घालणाऱ्या लेकाचं, त्या दवाखान्यातल्या खुर्चीचं, एक्स्चेंजमधल्या एका साहेबाचं, ज्याला त्यांनी एकदा भर कॉलवर मूर्ख म्हटलं होतं. प्रत्येक वाक्याला त्यांचा डावा डोळा दुखण्याने बारीक होत होता. गप्प राहा, त्रास होईल, असं तोंडाशी आलेलं तिने गिळलं. हातमोजे काढून टेबलावर ठेवले, आईंचा हात आपल्या उघड्या हातात घेतला आणि ऐकत बसली.